स्पीकरराव, जंगल तुमचंच!

रा. रा. ब्लूटूथ स्पीकरराव यांस,
खजुरीहून सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी चंद्रमपळ्ळीच्या पाण्याकाठी दिवसभर आपला सहवास लाभला. आभार मी तिथेच मानले होते, पण आपल्या दणक्यात ते माझे मलाच ऐकू आले नाहीत.

आम्ही आळंद तालुक्यातली माणसं. काळी माती, तूर आणि बांधावरची एखादी बाभळ, एवढीच आमची सावली. झाडी बघायची तर क्रुझर ठरवून चिंचोळी गाठावी लागते. तिथलं अभयारण्य २०११ सालचं, सुमारे १३५ चौरस किलोमीटरांचं. आत साग, चंदन, काळवीट, तरस, कोल्हा. आपण सोबत होतात म्हणून बरं, नाहीतर एखादं काळवीट दिसलं असतं आणि भाच्याला फोटो काढायची तसदी पडली असती.

अभयारण्यात प्राण्यांना सतावू नये, कचरा टाकू नये, असं १९७२च्या वन्यजीव कायद्यात लिहिलंय म्हणे. पण कायदा कागदावर आणि आपण पाण्यालगतच्या दगडावर, चांगले ऐसपैस! सीमाभागात राहून सीमा माहीत नसलेले आपण एकटेच. (पत्रावळ्यांनाही नव्हती, त्या पाण्यात गेल्या.)

जेवणाचं तर काय सांगू! कडक भाकरी मोडल्याचा आवाज आला नाही. आपण 'धम्म' केलंत की ताटलीतली शेंगाचटणी कडेला सरकायची आणि पेल्यातल्या पाण्यात वर्तुळं उठायची. मध्येच आईनं हात करून काहीतरी सांगितलं. मी तीनदा "काय गं?" विचारलं. ती नुसतीच हसली आणि भाकरी खाऊ लागली. गाडीत बसल्यावर, आपली बॅटरी संपल्यावर, उलगडा झाला: समोरच्या वाळक्या फांदीवर खंड्या बसला होता. आपलं दुसरं गाणं लागलं तसा उडून गेला.

आईचं वय शहात्तर. खंड्या तिनं पाहिला, मी नाही.

तरी राग नाही. आता येळवशीला आमच्या शेतात या. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, उंडे, सगळं आहे. विजेची सोय तेवढी नाही. आणि भाच्याची ती चार्जिंगची वायर सध्या माझ्या कपाटात आहे, किल्ली आईकडे.

आपला,
एक श्रोता