हॉलमध्ये समुद्र! काय ही थेरं!

ऐकलंत का? आमच्या ठाण्याच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरच्या भाऊजी-वहिनींकडे समुद्र आलाय. शंभर लिटरचा, काचेचा, आणि थेट टीव्हीच्या जागी! टीव्ही बेडरूममध्ये गेला, त्याच्याबरोबर वहिनींच्या सासूबाईंची मालिकाही गेली, आणि आता रोज संध्याकाळी त्यांच्या खिडकीतून निळा-जांभळा उजेड झिरपतो. खालच्या कट्ट्यावर आधी भलतीच कुजबुज झाली. मग कळलं, उजेड पोवळ्यांसाठी आहे. अंगठीतल्या नव्हे हो, जिवंत पोवळ्यांसाठी!

पूर्वी लोक गोल्डफिश आणत. काचेचं भांडं, नळाचं पाणी, महिन्याभरात मासा उताणा, पोरांची रडारड, विषय संपला. समुद्रातलेच मासे बघायची हौस असेल तर मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय होतं, 1951 सालचं. तिकीट काढा, बघा, घरी या. आता तारापोरवालाच घरी हवं!

आणि पैसा कशावर उधळायचा? मिठावर! भाऊजींना बीपी, त्यांच्या आमटीत वहिनी मीठ मोजून घालतात. टाकीला मात्र लिटरमागे 35 ग्रॅम, म्हणजे पहिल्याच भरणीला साडेतीन किलो. आपलं पुड्यातलं मीठ चालत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियमवालं खास मीठ बादलीतून येतं. पाणी नळाचं चालत नाही, स्वयंपाकघरातल्या आरओचंही नाही. टीडीएस शून्य हवा, म्हणून वेगळं यंत्र. ते यंत्र लिटरभर चोख पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत सोडतं, ही बातमी टँकरच्या बिलावरून कडकडा भांडणाऱ्या सेक्रेटरींपर्यंत अजून पोचलेली नाही. मी तर मुळीच सांगणार नाही.

“एवढं कशाला? खाडी आहे की, दोन हंडे भरून आणा,” असं तळमजल्यावरच्या काकांनी सुचवलं. भाऊजी काही बोलले नाहीत. ठाण्याच्या खाडीचं पाणी ज्यानं बघितलंय, तो काय बोलणार?

पण खरा कहर पुढेच आहे. पाणी भरलं, दगड आणले (किलोच्या भावानं, दगड!), पंप सुरू झाला, आणि मग महिना उलटून गेला तरी टाकीत मासा नाही. आल्यागेल्याला दगड दाखवायचे. व्याही आले, चष्मा पुसून बराच वेळ बघत बसले, शेवटी हळूच म्हणाले, “झोपलेत का सगळे?” मासे नव्हतेच! म्हणे ‘सायकल’ चाललीय.

आता ही सायकल ऐका. ज्या घरात अंडं शिजत नाही, त्या घरात एका संध्याकाळी कागदात गुंडाळलेली एक कोळंबी आली. खायला नाही, सडवायला! कोळंबी सडली की अमोनिया होतो. अमोनिया खाणारे जिवाणू दगडांवर वाढतात आणि त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते माशांना बऱ्यापैकी सोसतं. ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर भाऊजी रोज रात्री काचेच्या नळीत थेंब टाकून रंग बघत. अमोनिया चढला तेव्हा पेढे वाटायचेच बाकी होते. अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही आकडे शून्यावर आले तेव्हा मासे आले. वहिनींनी कोळंबीच्या दिवशी देवघराचं दार लावून घेतलं होतं, हे मला खात्रीलायक सूत्रांकडून समजलं आहे.

आले ते दोन क्लाउनफिश, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. आणि त्यांच्या घरात तर आपल्याहून मोठी भानगड! हे सगळे जन्माला नर म्हणून येतात. जोडीत जो थोरला आणि दांडगा, त्याची मादी होते. ती गेली की मागे राहिलेला नवराच मादी होतो. 2003 च्या ‘फाइंडिंग निमो’त आई जाते आणि बाप पोराला शोधत फिरतो, खऱ्या समुद्रात त्या बापाचीच बाई झाली असती. हे ऐकून सासूबाईंची जपमाळ थांबली. आता त्या मालिका मागत नाहीत, खुर्ची टाकीसमोर सरकवून घेतात.

मग आली मऊ पोवळी. झेनिया नावाचं एक आहे, त्याचे आठ-आठ बोटांचे पांढरे पंजे दिवसभर उघडतात आणि मिटतात. खोटं कशाला बोलू, मीही चहा गार होईपर्यंत बघत बसते. दुसरं लेदर कोरल, छत्रीसारखं. आणलं आणि चारच दिवसांत रुसलं. बोटं आत, अंग मेणचट. भाऊजींचं जेवण गेलं. मग एका सकाळी त्या अंगावरची पातळ साय सुटून प्रवाहात वाहून गेली, आणि खालून शेकडो इवली बोटं बाहेर आली. कात टाकत होतं ते! इकडे घरात सुतकी चेहरे.

या नादापायी कोल्हापूरचं लग्न हुकलं. कारण पाणी उडतं, मीठ उडत नाही. रोज तेवढंच गोडं पाणी घातलं नाही तर समुद्र खारटच होत जातो. ते घालणार कोण? शेजारीण? मला विचारलं होतं, मी पाठदुखी काढली.

इथवर सगळी गंमत आहे, नाकं मुरडा आणि सोडून द्या. पण दुकानात जे चालतं त्यावर मात्र खरोखर मुरडा. ‘निमोतली डोरी द्या’ म्हणणाऱ्या पोरासाठी ब्लू टँग पिशवीत भरून देतात. तो फूटभर वाढतो; शंभर लिटरची टाकी त्याला कोठडी आहे. कडक, दगडी पोवळी आणि समुद्रघोडे तर 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला! कोस्टल रोडच्या कामात वरळी-हाजीअलीच्या खडकांवरची पोवळी आडवी आली, तेव्हा 2020 साली परवानगी काढून, शास्त्रज्ञ बोलावून ती दुसरीकडे हलवावी लागली. आणि इथं कुणी म्हणतं, “घ्या हो, कोण बघतंय?”

तेव्हा हौस करायचीच असेल तर करा, पण दुकानदारानं समुद्रघोडा पुढे केला की पायरी उतरा. क्लाउनफिश घेताना एवढंच विचारा: समुद्रातून पकडलेला की पैदाशीचा? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं आपल्याच देशात त्याची पैदास करून दाखवली आहे. पैदाशीचाच मागा.