नक्की?

आमच्या डीएमचा लाडका शब्द दोन अक्षरी आहे : ‘नक्की?’ आपण म्हणावं, ‘मी ते दार उघडतो.’ की हा चष्मा कपाळावर सरकवणार, उचललेली बाकरवडी बशीत परत ठेवणार आणि अगदी मऊ आवाजात विचारणार, ‘नक्की?’ त्या मऊपणानंच पोटात गोळा येतो. पाठोपाठ ठरलेलं वाक्य : ‘बघ हं, मी काही बोललो नाही.’

डीएम म्हणजे डन्जन मास्टर. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये आपण एकेक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार. उरलेली दुनिया डीएमची. राक्षस तोच, राजा तोच, खाणावळवाला तोच, पाऊसही तोच. सोसायटीच्या गणपतीत नाटक बसवणारा आणि प्रॉम्प्टिंग करता करता स्वतःच रडणारा एक काका असतो ना, आमचा हा त्याच गोत्रातला. पुण्यातल्या त्याच्या फ्लॅटवर एक रविवार सोडून आम्ही जमतो. त्याच्यापुढे जुन्या लग्नपत्रिका चिकटवून केलेला आडोसा आणि आजीचा जुना मसाल्याचा डबा. डब्यात वाट्या सात, संचातले फासेही सात. वीसपैलू फासा हळदीच्या वाटीत. नैवेद्याचा मान त्याचा.

या गृहस्थाचा ध्यास एकच : पात्र मेलं तर त्या मरणाला अर्थ पाहिजे. गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी १९७४मध्ये हा खेळ आणला तेव्हा हिट पॉइंट, म्हणजे पात्राच्या अंगातला जीव, शून्य झाले की पात्र मेलं, विषय संपला. पुढच्याच वर्षी गायगॅक्सनं एका स्पर्धेसाठी ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे साहस रचलं. त्यात भिंतीवर एका हिरव्या राक्षसाचं उघडं तोंड आहे; आत शिरलेला नाहीसाच होतो. हे सांगताना आमच्या डीएमचा चेहरा बघावा. ‘माणूस गेला, आणि कुणी हातातला चहासुद्धा खाली ठेवला नाही! ही काय पद्धत झाली?’

म्हणून तो तयारी करतो. आमच्यातल्या एक बाई पालाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, आहेत; एकदा या पालाडिनबाईंसाठी त्यानं वीरमरण योजलं होतं. पूल, पूर, पलीकडे पळणारं गाव, आणि वहीत तीन पानी निरोपाचं भाषण. बाई ठरल्याप्रमाणे पडल्या. पाचव्या आवृत्तीच्या नियमानं पडलेल्यानं दर फेरीला फासा टाकायचा : दहा किंवा वर आलं तर पास, खाली आलं तर नापास, तीनदा नापास झाला की संपला. डीएमनं घसा खाकरला, वही उघडली. बाईंनी फासा टाकला. वीस! वीस पडले की माणूस एक पॉइंट घेऊन थेट शुद्धीवर. बाई उठल्या आणि म्हणाल्या, ‘माझी ढाल कुठाय?’ यानं वही मिटली. तोंड पडलं होतं, पण टाळ्या सगळ्यात आधी त्यानंच वाजवल्या.

माझा बुटका लोहार धोंडू मात्र अगदीच फालतू मेला. तीस फुटांचा खड्डा. मी म्हटलं, ‘उडी मारून जातो.’ ‘नक्की?’ ‘नक्की.’ दहा फुटांना एक या हिशेबानं तीन सहापैलू फासे पडले आणि धोंडू तळाशी आडवा. वर दोर कुणी धरायचा यावर मंडळींचं भांडण. माझा पहिला फासा सात. दुसरा एक, आणि एक पडला की दोनदा नापास धरतात. खलास. मिनिटाच्या आत उठवायचं तर तीनशे मोहरांचा हिरा लागतो. आमच्याकडे एक्केचाळीस मोहरा आणि एक खेचर.

‘धोंडू गेला,’ डीएम म्हणाला. आतून आजी आल्या.

‘कोण धोंडू? सासवडचा?’

‘अगं नाही, खेळातला.’ यानं सगळं सांगितलं. पाचशे मोहरांचा हिरा मिळाला तर मेलेल्याला दहा दिवसांपर्यंत परत आणता येतं, हेही.

‘म्हणजे दहाव्याच्या आत,’ आजींनी मान डोलावली. ‘आणि हिरा नाही मिळाला तर? त्याचं काय राहिलं होतं, विचारलंत का कुणी? कावळा शिवायला नको?’

डीएम आजींकडे बघतच राहिला. मग माझ्याकडे वळला. ‘काय राहिलं होतं रे?’

मला आठवेना. पालाडिनबाईंना आठवलं : पहिल्याच दिवशी धोंडूनं खाणावळीत चार मोहरा उधार ठेवल्या होत्या. बाई म्हणाल्या, ‘मी फेडते.’ माझं बोट अजून त्या नापास फाशावरच होतं.

पुढे तीन रविवार गेले. आम्ही त्या गावी परतलो. बाईंनी चार मोहरा मोजून ठेवल्या. एरवी साध्या गोब्लिनलाही आई, बहीण आणि गुडघेदुखी देणारा आमचा डीएम त्या दिवशी खाणावळवाला झाला आणि एक शब्द बोलला नाही. आडोसा बाजूला केला, खरीखुरी वही ओढली आणि ‘धोंडू’ या नावावर पेनानं रेघ मारली. चहा निवला, तरी कुणी उचलला नाही.

तेव्हापासून नियमच झाला. भाषणाची वही बंद. पात्र गेलं की डीएम टेबलभर नजर फिरवतो आणि विचारतो, ‘काय राहिलं?’ उरलेल्यांपैकी कुणीतरी ते अंगावर घेतल्याशिवाय मेलेल्याचा कागद फायलीत जात नाही. त्याचा अतिरेकही होतो. परवा एका भाडोत्री मशालवाल्यासाठी आम्ही दीड तास त्याच्या शेळीला गिऱ्हाईक शोधत होतो.

माझा नवा जादूगार सध्या दोन पॉइंटांवर आहे. समोर एक बंद दार आहे. ते उघडण्याआधी मी त्याच्या नावावर थोडी उधारी करून ठेवली आहे.