एअर धरलाय!

बोरीच्या शिवारात इंजिन बंद पडलं की मिस्त्रीला फोन करावा लागतो, बापूंना करावा लागत नाही. टकटक थांबली की दोन शेतांपलीकडून ते उपरणं झटकत बांधावर हजर. मिस्त्री जिंतूरहून येतो, पाने आणतो, पैसे नेतो. बापू नुसते येतात.

आल्याआल्या पहिला प्रश्न, "कोणी हात लावला?" लावलेला असतोच. आरोपी ठरला की बापू उकिडवे बसतात, नाडी पाहावी तसा इंजिनावर तळवा ठेवतात आणि सांगतात, "एअर धरलाय."

काळा धूर आला तरी एअर, निळा आला तरी एअर. काळा म्हणजे भार जास्त किंवा फिल्टर तुंबलेलं, निळा म्हणजे ऑइल जळतंय, एवढं मलाही कळतं. पण बोलायची सोय नाही. "तू शिकलास परभणीला. इंजिन हितं चालवायचंय."

त्यांचं साफ चुकतं असंही नाही. टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते, पंप ती हवाच दाबत बसतो आणि नोझलला डिझेल मिळत नाही. बोल्ट ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल सोडलं की इंजिन धरतं. म्हणजे बापू बऱ्याचदा बरोबर निघतात, आणि त्यानंच ते बिघडले.

हँडल मात्र मारणार नाहीत. ते आपण मारायचं. लिव्हर उचलून गरगर फिरवायचं, वेग आला की लिव्हर सोडायची, आणि उलटा झटका बसून मनगट धरून खाली बसलो की बापू म्हणणार, "हँडल तरण्याचं, कान म्हाताऱ्याचा."

किर्लोस्करांनी पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी काढली 1946 मध्ये. बापूंचं बोलणं ऐकलं की वाटतं, यांना विचारून काढली असावी. शिवाय येलदरीच्या पाण्यात मधोमध बंद पडलेली एक बोट त्यांनी काठावरून नुसत्या आवाजावर सुरू करून दिली होती. बंद बोटीचा आवाज कसा आला, हे विचारणारा अजून जन्मायचाय.

परवा पावसानं ओढ दिली, सोयाबीन फुलात आणि करपरेच्या काठावरचं आमचं इंजिन दहा मिनिटं चालून गप्प. पुन्हा सुरू, पुन्हा गप्प. मी एअर काढला, फिल्टर धुतलं. तेवढ्यात बापू आले. "एअर धरलाय." मग डिझेलात रॉकेल तर नाही ना, हे हुंगायला त्यांनी टाकीच्या तोंडावरचं प्लास्टिक सोडलं. टोपण हरवल्यापासून ते मी रबरानं घट्ट आवळून ठेवलं होतं. सुस्स करून टाकीनं श्वास घेतला. इंजिन सुरू झालं ते सोयाबीन भिजेपर्यंत थांबलं नाही.

टाकीत हवा जायला वाटच नव्हती, म्हणून डिझेल खाली उतरत नव्हतं. म्हणजे एअर धरलेला नव्हता, एअर मिळत नव्हता. हे मी बापूंना सविस्तर समजावलं.

"म्हंजी एअरच होता न्हवं?"

"एअरच होता, बापू."

चहा घेऊन ते गेले. प्लास्टिकला मी बाभळीच्या काट्यानं भोक पाडलंय. टोपण अजून आणलेलं नाही.