एल्बोत बोट

लातूरच्या माणसाने बोट घ्यायची म्हटल्यावर जेवढे विनोद होऊ शकतात, तेवढे आमच्या घरात, गल्लीत आणि गंजगोलाईत होऊन गेले आहेत. वाचकांनी तसदी घेऊ नये. नांदेडजवळ विष्णुपुरीच्या जलाशयात, उन्हं कलताना, काळा चष्मा लावून स्वतःच्या बोटीत रेलून बसलेला मी, हे दृश्य मला फारच शोभत होतं. त्यात बोट जुनी असली तरी चालणार होतं. चष्मा नवा होता.

पण हौससुद्धा अभ्यास करून करायची, हा लातूर पॅटर्न आमच्या हाडात मुरलेला. जुनी बोट बघायला गेलेले अडाणी लोक इंजिन चालू करून आवाज ऐकतात. जाणकार धूर जातो तिकडे वाकतो. ट्रॅक्टरचा सायलेन्सर आभाळाकडे तोंड करून मोकळा होतो. त्यावर पावसाळ्यात डालड्याचा डबा उपडा घातला की देखभाल संपली. माझ्या मनातली बोट मात्र नाजूक प्रकृतीची. तिचं इंजिन बाहेरचं पाणी ओढून थंड होतं आणि तेच पाणी पुढे धुराच्या नळीच्या वाकड्या तुकड्यात, म्हणजे एल्बोमध्ये, तापलेल्या धुरात सोडतात. धूर निवतो, आवाज बसतो, दोघं मिळून मागून बाहेर पडतात. भानगड त्या एल्बोत. तापलेलं बीड, त्यावर पाणी, धुरातलं गंधक, आणि पाणी समुद्राचं असेल तर मीठही. गंज आतून खात जातो, बाहेरचा रंग मात्र लग्नघरासारखा ताजा. खाऱ्या पाण्यात बिडाचा एल्बो पाच-सात वर्षांत बदलायचाच असतो. नाही बदलला आणि आतून भोक पडलं, तर पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी दाबता येत नाही, फक्त वरच्या अंगाला अडवता येतं, हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको.

ही सगळी विद्या मी बायकोला लातूर ते नांदेड ऐकवली. तिचं माहेर नांदेडचं, म्हणून ती आली होती. लोह्याच्या अलीकडे ती झोपली. मी बोलत राहिलो.

नांदेडला जुनी बोट म्हटलं की लोक आधी वाळूची दाखवतात. तिच्यात दोन जाती: महसूल पथकाने जिलेटिन लावून उडवलेली आणि अजून न उडवलेली. मला दोन्ही नको होत्या. माझी बोट ट्रॉलीवर, शेडमध्ये, निळ्या रंगात न्हाऊन उभी होती. मालक म्हणाला, "सर, गोड्या पाण्यातली हाय. समुद्र कसला तो तिनं बगितलाच नाही."

मी टॉर्च काढला. पेचकस काढला. रबरी नळी सोडायला लावली आणि एल्बोत डोळा घातला. बरोबर आणलेला मिस्त्री थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सायेब, बोट घ्यायलाव का एक्सरे काढायलाव?"

त्याला काय सांगू! वापरलेली वस्तू आतून तपासून घ्यायची सवय आम्हाला रेल्वेने लावली. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या वाघिणी राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन आणल्या होत्या. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. स्टेशनवर सगळा गाव आनंदात, कॅमेरे, पुढारी, आणि मी मात्र विचारत होतो, धुतल्या खऱ्या, पण आतून कुणी वाकून बघितलं का? बाजूचे गृहस्थ म्हणाले, "आधी येऊ द्या की ओ."

आधी येऊ द्या. हे वाक्य मला आजही टोचतं. त्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. शहर घागरी घेऊन रांगेत, आणि शहराबाहेर ज्यांची बोअर खोल होती त्यांचा ऊस हिरवागार. त्याच वर्षी पावसाने झोडपलं, धरण भरलं, आणि आम्ही ते सगळं विसरलो. बायको विसरली नाही. बाहेर धो धो पाऊस पडत असला तरी नळ आला की ती पातेली, तपेली, कुकर, मुलांच्या शाळेच्या बाटल्यासुद्धा भरून ठेवते. एवढ्या पाण्याचं आपण करणार काय, असं विचारायचं मी सोडलं आहे. तांब्या पुढे करतो.

असो, एल्बो. आत गंजाचे पापुद्रे सुटले होते, वाट अर्धी बुजली होती. पेचकस टेकवला तर खपली हातात आली. बाहेर जोडाशी निळ्या रंगाखालून पांढरं काहीतरी फुटत होतं. मी गाळ, क्षार, कॅल्शियम अशा शक्यता मांडू लागलो. तेवढ्यात मिस्त्रीने ते पांढरं बोटाने खरवडलं, जिभेला लावलं आणि थुंकला.

"खारट."

माझं सगळं वाचन त्याने जिभेच्या टोकावर उरकलं. मालक म्हणाला, घामाचं असंल.

मी भाव पाडायच्या पवित्र्यात चष्मा कपाळावर चढवला. नवा एल्बो, मॅनिफोल्ड उघडणं, पॅकिंग, सिलिंडर तपासणी, असा हिशोब सुरू केला. मालक गयावया करत होता, मी ताठ होतो, आयुष्यात प्रथमच एखाद्या व्यवहारात माझी बाजू वरचढ होती. बायको मघापासून बोटीभोवती फेऱ्या घालत होती. तिने हाताने लांबी मापली, वाकून खोली बघितली आणि थेट मालकाला विचारलं,

"दादा, हिच्यात पाणी किती लिटर मावंल?"

मला वाटलं, चेष्टा करते आहे. तिचा चेहरा बघितला, चेष्टा नव्हती. मालकानेही क्षणभर विचार केला, माझ्याकडे पाठ फिरवली आणि तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"ताई, हजार-बाराशेला मरण नाही. गच्चीवर ठेवणार असाल तर इंजिन काढून घेतो, भोकं बुजवून देतो, आन् झाकण वरून फुकट."

"अहो," ती मला म्हणाली, "क्रेनचं विचारा."