घरासकट सहल

मोटरहोममधून स्वित्झर्लंड पाहण्याचा बेत वाखाणण्याजोगाच. भाड्याचं घर चाकांवर घ्यायचं, टेशला ते उभं करायचं, कारण पुढे झेरमाटला मोटारींना मज्जाव, आणि मग तिकीट काढून डोंगरी रेल्वेत बसायचं. गाडीत बसण्यासाठी घर बरोबर नेणं, यालाच नियोजन म्हणतात.

घाटातली रेल्वे कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातही आहे म्हणा. कॅसलरॉकहून कुळेला उतरणारी, १:३७ चढाची, वाटेत दूधसागर. पण तिथे भलत्या जागी उतरलात तर पोलीस उठाबशा काढायला लावतात. २०२३च्या पावसाळ्यात कित्येकांनी काढल्या. तेही फुकट! तिकडे स्वित्झर्लंडात रेल्वेने युंगफ्राऊयोखला ३,४५४ मीटरवर जाऊन नुसतं गारठायचे किती पैसे पडतात, विचारा. दर्जा असतो तो.

मोटरहोमची कल्पना मात्र अस्सल सुप्याची, याच जोयडा तालुक्यातल्या. काळी नदीवरच्या धरणापायी सरकारने अख्ख्या गावाला घरासकट प्रवास घडवला. कौलं, वासे, उखळ, देव्हारा, सगळं हलवून रामनगरची वाट. मागे तळंही असं देखणं राहिलं की पर्यटक आता त्याचे फोटो काढतात.

स्विस बेतात एकच खोट आहे: सहल संपली की घरी परतावं लागतं. सुपेकरांना ती दगदग सरकारने ठेवली नाही.