काकू, पासवर्ड सांगा ना!

आकुर्डीत खंडोबा माळाच्या आसपास कुठल्याही सोसायटीच्या गेटपाशी संध्याकाळी उभं राहा आणि मोबाइलमध्ये वायफायची यादी उघडा. अख्ख्या इमारतीची जनगणना हातात येते. ‘जोशी २०१’, ‘जय मल्हार ५जी’, ‘फुकट्यांनी लांब राहावे’, ‘पोलीस व्हॅन ३’. अधूनमधून काही नावं अशी, जी कारखान्यात राउटरला चिकटवली आणि त्यानंतर कुणी हात लावला नाही. चोराचं पहिलं लक्ष जातं ते या शेवटच्या मंडळींकडे. ज्यांनी नाव बदललं नाही, त्यांनी आतलं बाकी काही बदललं असेल यावर तो कशाला विश्वास ठेवील?

आपण तसे सुरक्षेचे भोक्ते. लाकडी दार, त्यापुढे जाळीचं सेफ्टी डोअर, खिडक्यांना ग्रिल, खाली वॉचमन. पिझ्झा घेऊन आलेल्या पोराकडून वहीत नाव, गाव, मोबाइल, वेळ आणि सही घेतल्याशिवाय आपण त्याला लिफ्टचं बटण दाबू देत नाही. कॅमेरा दोन हजारांनी महाग का घेतला यावर सर्वसाधारण सभा रात्री अकरापर्यंत चालते. वायफाय मात्र भिंती ओलांडून, जिना उतरून, पार्किंगमधून थेट रस्त्यावर जातं आणि त्याची वही कुणीच ठेवत नाही.

त्याचा जन्मच बघा ना कसा होतो. नेट जोडायला पोरगा येतो, ड्रिलनं भिंतीला भोक पाडतो, वायर ओढतो आणि विचारतो, “काका, पासवर्ड काय ठेवू?” काका म्हणतात, “ठेव काहीतरी सोपं, लक्षात राहील असं.” पोरगा फॉर्मवरचा मोबाइल नंबर टाकतो. काका खूश, पोरगा खूश. आता हाच नंबर कुठे कुठे असतो ते पार्किंगमध्ये जाऊन बघा. प्रत्येक गाडीच्या काचेमागे पाटी: ‘गाडी काढायची असल्यास संपर्क’, पुढे दहा आकडे आणि शेजारी फ्लॅट नंबर. म्हणजे वायफायचं नाव हवेत, पासवर्ड काचेवर आणि घराचा पत्ता त्याच पाटीवर.

काचेवर पाटी नसली तरी फार बिघडत नाही. आपल्याकडचा मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो, म्हणजे सगळे मिळून शक्यता ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो. पण फोन राउटरला जोडताना दोघांत जी देवघेव होते, ती जवळपास बसून टिपता येते आणि मग घरी नेऊन निवांत फोडता येते. गेम खेळायला पोरं जी महागडी ग्राफिक्स कार्डं घेतात, त्यांतलं चांगलं कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या घरात पासवर्ड घालून बघतं. तासा-दीड तासाचं काम. तेवढ्या वेळात आपलं हिंजवडीहून आकुर्डीला येणंही कधी कधी होत नाही.

अर्थात एवढी मेहनत घेणारा आकुर्डीत विरळाच, कारण मागितला की मिळतो. भाचा आला, त्याला दिला. भिशीच्या बायका आल्या, त्यांना दिला. लॉकडाउनमध्ये कामवाल्या ताईंच्या मुलाची शाळा मोबाइलवर होती, त्याला दिला. ते उत्तमच केलं, त्यावर एक शब्दही बोलणार नाही. पण हल्ली फोनमध्ये वायफायचा क्यूआर कोड निघतो. एकाला दिला की त्याच्या फोनवरून दुसऱ्याला, दुसऱ्याच्या फोनवरून तिसऱ्याला, आणि कोडच्या खाली पासवर्ड उघडा लिहिलेला. तिसऱ्या मजल्यावरून निघालेला पासवर्ड आठवड्याभरात वॉचमनच्या केबिनमध्ये पोचतो आणि तिथून समोरच्या पीजीत. स्टेशनच्या बाजूला कॉलेजं, कॉलेजांभोवती पीजी, आणि पीजीतल्या पोरांना रात्री दोन वाजता सिनेमा उतरवायचा असतो. सकाळी काकू कस्टमर केअरला झापतात, “नेट स्लो चालतंय तुमचं!”

नेट स्लो होणं ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत तासाभरात वीसहून जास्त स्फोट झाले, ५६ माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. तो कुठून निघाला याचा माग काढत एटीएस नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर पोचली. तिथे एक अमेरिकन माणूस कुटुंबासह भाड्यानं राहत होता. त्याचं वायफाय उघडं होतं आणि ईमेल दुसऱ्याच कुणी त्यावरून पाठवला होता. पण हे ठरेपर्यंत त्याचे कॉम्प्युटर जप्त झाले, चौकशीमागून चौकशी झाली, लुकआउट नोटीसही निघाली. ती असतानाच ऑगस्टमध्ये हा गृहस्थ विमानात बसून देशाबाहेर गेला, हा आपल्या यंत्रणेचा वेगळा विनोद. धमकीचा पुढचा ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कमधून गेला. १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळचा चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीच्या वायफायवरून. ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी या ईमेलप्रकरणी संगणकात तरबेज असलेल्या तरुणांना पकडलं, तेव्हा धागा आला आपल्या पुण्यात. उघडं वायफाय शोधत ही मंडळी मुंबईत फिरत होती, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं.

त्यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन रस्त्यावरून उघडी वायफाय हुडकायची मोहीम जाहीर केली. फेब्रुवारीत दूरसंचार खात्यानं इंटरनेट कंपन्यांना सूचना धाडल्या. काही महिने गाजावाजा, मग सामसूम. वायफाय उघडी राहणं तेव्हापासून कमी झालं, हे खरं. आता कुलूप सगळीकडे असतं, फक्त किल्ली वाटलेली असते. सानपाड्याच्या त्या माणसानं निदान कुणाला पासवर्ड दिला तरी नव्हता.

एकदा कुणी आत आलं की ते नुसतं नेट वापरून जात नाही. टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर, कॉम्प्युटर सगळे त्याच नेटवर्कवर एकमेकांना ओळखत बसलेले असतात. आकुर्डी, भोसरी, तळवड्यातले निम्मे वर्कशॉपवाले हिशेब घरच्या कॉम्प्युटरवर करतात: चाकणच्या कंपनीला द्यायचं कोटेशन, तिकडून आलेलं ड्रॉइंग, जीएसटीचं लॉगिन आणि बायकोच्या वाढदिवसाचे फोटो, सगळं एकाच फोल्डरात. ड्रॉइंग बाहेर देणार नाही असा करार सही-शिक्क्यानिशी केलेला असतो. राउटरला त्या कराराची प्रत कुणी दाखवलेली नसते.

त्या राउटरच्या पोटात शिरायला आणखी एक दार आहे, सेटिंग्जचं. त्याचा पासवर्ड वेगळा, आणि तो बहुतेक घरांत ‘अॅडमिन’ असतो. नावही अॅडमिन, पासवर्डही अॅडमिन. सोसायटीच्या ज्या कॅमेऱ्यासाठी सभा अकरापर्यंत चालली, त्याच्या रेकॉर्डरचंही बहुधा तेच. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामनं जगभरातले असे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. अक्कल फारशी लागली नाही. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांची यादी होती, ती प्रत्येक दारावर वाजवून बघितली. त्या ऑक्टोबरात या फौजेनं अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्ससकट बड्या बड्या साइट काही तास बंद पाडल्या. मूळ प्रोग्राम लिहिणारी पोरं कॉलेजच्या वयाची, आणि सगळं सुरू झालं माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरवरच्या चढाओढीतून. आपल्या पार्किंगमधला कॅमेरा त्या फौजेत होता की नाही, हे सेक्रेटरींना विचारायची सोय नाही; त्यांच्या लेखी कॅमेरा ‘व्यवस्थित चालू’ असतो.

जाणकार नावाचा एक प्राणी प्रत्येक इमारतीत असतो. तो सांगतो, वायफायचं नाव लपवून ठेवा. लपवलेलं नाव साध्या मोफत अॅपला हुडकता येतं. लपतं ते फक्त सासूबाईंच्या फोनपासून. दुसरा सल्ला, ठरावीक उपकरणांनाच परवानगी द्या. ज्या ओळखीवरून ही परवानगी मिळते, ती उपकरणाची ओळख नकली करता येते, ही गोष्ट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पोराला ठाऊक असते, आणि आकुर्डीत इंजिनिअरिंगची पोरं काही कमी नाहीत.

खरं काम अर्ध्या तासाचं आणि कंटाळवाणं आहे, म्हणून राहून जातं. राउटरच्या सेटिंग्जमध्ये शिरा आणि तो ‘अॅडमिन’ आधी घालवा. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-३ मिळालं तर ते घ्या, नाही तर डब्ल्यूपीए-२. डब्ल्यूईपी दिसलं तर राउटर भंगारात द्या, ती पद्धत २००१ सालीच फुटली. पिन टाकून फोन जोडायची ‘डब्ल्यूपीएस’ नावाची सोय बंद करा. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे फार तर ११ हजार प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्ये उघड झालं. राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट मागत असेल तर द्या. पासवर्ड मात्र लांब हवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी लिपीत जोडून लिहा. ‘जयमल्हार१२३’ चालणार नाही, मल्हारी मार्तंडाला इतर कामं आहेत.

आणि काकूंच्या पाहुणचाराला धक्का लागू नये म्हणून राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ नावाची सोय असते. पाहुण्यांना वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. त्यांना नेट मिळतं, घरातला कॉम्प्युटर मिळत नाही. भाच्याला द्या, भिशीला द्या, ताईंच्या मुलाला तर नक्की द्या. दोन-तीन महिन्यांनी बदलून टाका. पीजीतल्या पोरांना कळेल आणि ती स्वतःचं रिचार्ज करतील.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सीखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. काकूंनी स्वतः चहाबरोबर दिलेल्या पासवर्डात लबाडी कुणाची, हे वकिलांना ठरवू द्या. पैशांना हात लागलाच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा, तोही लगेच.

तेव्हा येत्या रविवारी पासवर्ड तेवढा बदलाच. गाडीच्या काचेवरचा नंबर मात्र राहू द्या. तुमची गाडी कायम आमच्या गाडीपुढे लावलेली असते.