वॉरंटीअण्णा

ऑस्ट्रेलियातल्या स्प्रिंगफील्ड लेक्समधल्या मराठी घरात टोस्टर बंद पडला की पहिला फोन अण्णांना जातो. "पावती आहे ना?" एवढंच ते विचारतात. टोस्टरला काय झालं, हे नंतर.

त्यांच्या देवघराखालचा खण पावत्यांच्या फायलींनी भरलाय. दुकानातली पावती उन्हात ठेवली की कोरी होते, म्हणून ओरायन मॉलमधून आल्यावर अण्णा बूट काढायच्या आधी तिचा फोटो काढतात. मग झेरॉक्स, मग फाईल. खरं तर इथे बँकेचं स्टेटमेंटही पुरावा म्हणून चालतं, पण त्यात अण्णांना राम वाटत नाही.

पुण्यात त्यांच्या आईचा सुमीत मिक्सर अजून चटणी वाटतो. कार्बन ब्रश बदलायचे, पात्याला धार लावायची, की झालं. त्याची वॉरंटी कधी संपली ते घरात कुणाला कळलंसुद्धा नाही. "आणि हल्लीच्या वस्तूंना स्क्रूसुद्धा नसतो हो, नुसतं चिकटवलेलं!" असं हळहळून अण्णा दुसऱ्याच वाक्याला कायद्यावर येतात. ऑस्ट्रेलियन ग्राहक कायदा, 2011 पासून लागू. कलम 54 त्यांना अथर्वशीर्षासारखं पाठ आहे: वस्तू रास्त काळ टिकलीच पाहिजे. कंपनीची वर्षाची वॉरंटी संपली म्हणून दुकानदाराला हात झटकता येत नाहीत. आणि दोष मोठा असेल तर पैसे परत की नवी वस्तू, हे गिऱ्हाईक ठरवणार. जादा पैसे भरून वाढीव वॉरंटी घेणाऱ्याची त्यांना कीव येते.

परवा शेजारच्या वहिनींचा सव्वा वर्षाचा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन ते दुकानात गेले. फाईल उघडून घसा खाकरतात तोच काउंटरवरची पोरगी म्हणाली, "नवा देऊ की पैसे?" अण्णांचा चेहरा पडला. आठवडाभराची तयारी होती! पुण्यात दुकानदाराने निदान "तुम्हीच पाडला असेल" असं तरी ऐकवलं असतं. तरी कलम 54 त्यांनी ऐकवलंच. मागे रांग वाढत होती.

पोरीने जुना व्हॅक्यूम भंगाराच्या ट्रॉलीत टाकला.

"अहो, मोटर चांगली आहे त्याची! मला द्या, मी बघतो."

"नाही देता येणार. नियम आहे."

"नियम?" अण्णांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला. "कुठल्या कलमाखाली?"